एक वात, तीन बरण्या : घरगुती मेणबत्ती संच वापरून पाहिल्यानंतर

दिवाळीच्या फराळाच्या डब्यासोबत यंदा घरी केलेल्या मेणबत्त्या द्यायच्या, असे ठरवून मी ऑगस्टच्या शेवटी १,४५० रुपयांचा एक मेणबत्ती संच ऑनलाइन मागवला. खोक्यात एक किलो सोय वॅक्सचे, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणाचे, पातळ पापुद्र्यांसारखे तुकडे, तीन मापांच्या प्रत्येकी दोन अशा सहा काचेच्या बरण्या, मेण लावून ताठ केलेल्या वीस सुती वाती, वात मध्यभागी धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्या, दहा मिलिलिटरच्या सहा सुगंधी तेलाच्या बाटल्या, रंगाच्या चार कांड्या, एक काचेचा थर्मामीटर, चोच असलेले स्टीलचे भांडे आणि आठ पानांची माहितीपुस्तिका एवढा ऐवज होता. कंपनीचे नाव मी येथे देत नाही. संच मी जवळजवळ दोन महिने वापरला, त्यातील प्रत्येक मेणबत्ती घड्याळ लावून जाळून पाहिली आणि निरीक्षणे वहीत टिपून ठेवली, त्या आधारावर हे लिहीत आहे. पाचांपैकी अडीच तारे देते, आणि ते अडीचही प्रामुख्याने भांडे, मेण आणि बरण्या यांच्यासाठी आहेत.

मेणबत्ती करणे सोपे आहे, हा पुस्तिकेचा दावा खरा आहे. भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवायचे, त्यात सुगंध मिसळायचा, बरणीच्या तळाशी वात चिकटवून मेण ओतायचे आणि एक रात्र हलवायचे नाही, इतकेच काम असते आणि ज्याला साबुदाण्याची खिचडी मोकळी करता येते त्याला हे सहज जमेल. माझ्या सहाही मेणबत्त्या दिसायला सुरेख झाल्या. पृष्ठभाग गुळगुळीत होता, काचेला मेण नीट धरले होते आणि पाहणाऱ्यांनी कौतुकही केले. तक्रार मेणबत्त्या पेटवल्यानंतर सुरू झाली, कारण सहापैकी फक्त एक जशी जळायला हवी तशी जळली.

सर्वांत मोठ्या, आतून आठ सेंटीमीटर रुंद असलेल्या बरणीपासून सुरुवात केली. पेटवल्यावर तासाभरात वातीभोवती वितळलेल्या मेणाचे लहानसे तळे तयार झाले आणि नंतर ते वाढेनासे झाले. तीन तासांनी पट्टी लावून पाहिले तेव्हा त्या तळ्याची रुंदी साडेपाच सेंटीमीटर होती, म्हणजे चहूबाजूंनी सव्वा सेंटीमीटर जाडीची कोरडी भिंत तशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवली तर ज्योत त्याच खळग्यात खाली खाली उतरत गेली आणि तिसऱ्या दिवशी विहिरीच्या तळाशी दिवा लावावा तसे दिसू लागले. या प्रकाराला मेणबत्तीवाले टनेलिंग, म्हणजे बोगदा पडणे, म्हणतात आणि आपल्याकडेही आता हाच शब्द रुळला आहे. चौथ्या दिवशी पेटवल्यानंतर चाळीस मिनिटांनी ज्योत हरभऱ्याच्या दाण्याएवढी झाली, दोनदा लुकलुकली आणि स्वतःच वितळवलेल्या मेणात बुडून विझली. बरणीतले जवळपास निम्मे मेण भिंतीला चिकटलेले तसेच राहिले.

सर्वांत लहान, पाच सेंटीमीटरच्या बरणीचे नेमके उलट झाले. तिची ज्योत पेटल्यापासूनच उंच होती आणि अर्ध्या तासात ती नाचू लागली. चाळीस मिनिटांत मेण काठापर्यंत वितळले, दुसऱ्या तासाच्या अखेरीस तळ्याची खोली दोन सेंटीमीटर झाली आणि काच इतकी तापली की बोट टेकवता येईना. वातीच्या टोकावर कोळशाचा एक गोळा तयार झाला होता, अगदी अळंबीच्या टोपीसारखा, म्हणूनच त्याला मशरूमिंग म्हणत असावेत. त्या गोळ्याच्या कडेने धुराची बारीक काळी रेघ सतत वर जात होती आणि बरणीच्या कंठाभोवती काजळीचे कडे जमले होते. मेणबत्ती विझवल्यावर स्वयंपाकघरात मोगऱ्याऐवजी रॉकेलच्या चिमणीसारखा वास राहिला.

पुस्तिकेच्या सातव्या पानावर ‘मेणबत्ती नीट न जळल्यास’ असा मथळा आहे आणि त्याखाली तीन सूचना आहेत : वारा लागू देऊ नका, वात सहा मिलिमीटरपर्यंत कापा, आणि चांगल्या प्रतीचे मेण वापरा, जे आमच्याकडे मिळते. पहिल्या दोन सूचना खऱ्याच आहेत. मी पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, वात कापली. लहान बरणीची ज्योत थोडी शांत झाली, पण तासाभरात पुन्हा तोच गोळा आणि तोच धूर. मोठ्या बरणीवर काहीच परिणाम झाला नाही, किंबहुना आधीच अशक्त असलेली वात आखूड केल्यामुळे ती आणखी लवकर बुडाली. एकाच वेळी एक मेणबत्ती उपाशी आणि दुसरी अजीर्ण झालेली असेल, तर दोघींना एकच औषध चालणार नाही, इतके पुस्तिका लिहिणाऱ्याच्या लक्षात यायला हवे होते.

येथे मेणबत्ती जळते कशी, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. जळते ते मुख्यतः मेण, आणि तेसुद्धा वाफ होऊन. ज्योतीच्या उष्णतेने भोवतालचे मेण वितळते, वातीच्या धाग्यांमधून ते वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला काडी दाखवली की ज्योत वातीला न शिवता धुरावरून खाली उतरते आणि वात पेटते, हा प्रयोग शाळेत पाहिल्याचे अनेकांना आठवत असेल. तो पांढरा धूर म्हणजे मेणाचीच थिजत चाललेली वाफ असते. तेव्हा वात किती मेण वर खेचते यावर ज्योत केवढी होणार हे ठरते, आणि ज्योत केवढी यावर किती रुंदीचे मेण वितळणार हे ठरते. वात बारीक असेल तर पुरवठा कमी, उष्णता कमी, तळे लहान आणि शेवटी बोगदा. वात जाड असेल तर पुरवठा इतका वाढतो की तेवढी वाफ पूर्ण जाळायला भोवतालची हवा पुरत नाही, अर्धवट जळालेला कार्बन वातीवर गोळा होतो आणि उरलेला काजळी होऊन भिंतीवर बसतो. बरणी अरुंद असेल तर हवा आत यायलाही वाट कमी मिळते, म्हणून हा दोष लहान बरणीत जास्त दिसतो.

यावरून पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला : संचात बरणीच्या रुंदीनुसार वेगवेगळ्या वाती आहेत का? पाच, साडेसहा आणि आठ सेंटीमीटर रुंदीच्या बरण्यांसाठी संचात दिलेल्या वीसही वाती एकाच जाडीच्या होत्या.

मधली, साडेसहा सेंटीमीटरची बरणी पेटवून पाहिली आणि ती अगदी शहाण्यासारखी जळली. अडीच तासांत मेणाचे तळे काठाला पोहोचले, खोली सुमारे एक सेंटीमीटर राहिली, ज्योत सरळ होती. त्यानंतर मी वजनकाटा घेऊन बसले. लहान बरणीत पूर्ण भरल्यावर ९७ ग्रॅम मिश्रण मावते, मधलीत १७९ आणि मोठीत २९४. तीनही मापांच्या दोन-दोन बरण्या भरायच्या तर १,१४० ग्रॅम मिश्रण हवे. संचात मेण एक किलो आणि सुगंध साठ मिलिलिटर, म्हणजे सगळे मिळून १,०६० ग्रॅमच्या आसपास. ओतताना माझी सहावी बरणी दोन तृतीयांशावर का थांबली आणि मी सांडलवंड केली म्हणून स्वतःला का दोष दिला, याचा उलगडा झाला. पण त्याहून मजेशीर हिशेब पुढे आहे. सहाही बरण्या मधल्या मापाच्या धरल्या तर १,०७४ ग्रॅम लागतात, म्हणजे संचात असलेले साहित्य त्यांना जवळजवळ तंतोतंत पुरते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रत्येक बरणीत सुगंधाची एक बाटली घातली तर मधल्या बरणीत ते प्रमाण मेणाच्या सहा टक्क्यांच्या जवळ येते, जे सोय वॅक्ससाठी योग्य आहे. लहान बरणीत तीच बाटली अकरा टक्क्यांच्या वर जाते आणि मोठीत साडेतीन टक्के भरते. वातही मधल्याच बरणीला बसणारी आहे. सगळा संच सहा एकसारख्या बरण्या गृहीत धरून बेतला गेला आणि नंतर कोणीतरी खोक्यावरच्या छायाचित्रात लहान-मध्यम-मोठी अशी उतरंड शोभून दिसते म्हणून बरण्या बदलल्या, पण वाती, मेण आणि सुगंध यांचे माप तसेच ठेवले, असा माझा तर्क आहे. कंपनीने तो खोडून काढावा, मला आनंदच होईल.

सुगंधाच्या प्रमाणाचा जळण्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल, तर तो संबंध चांगलाच जवळचा आहे. मेण ठरावीक प्रमाणापर्यंतच तेल धरून ठेवू शकते. त्याहून जास्त झालेले तेल घामासारखे पृष्ठभागावर येते किंवा तळाशी साचते आणि वातीत शिरून तिच्या कामात अडथळा आणते. माझ्या लहान बरणीच्या पृष्ठभागावर सकाळी तेलाचे बारीक थेंब दिसले होते, ते मी दमट हवेवर ढकलले. दुसरी लहान बरणी रिकामी करून, सुगंध सहा ग्रॅमवर आणून पुन्हा भरली तेव्हा थेंब नाहीसे झाले आणि धूरही कमी झाला, मात्र वात तीच असल्यामुळे गोळा तसाच राहिला. म्हणून सुगंध बाटलीच्या हिशेबाने न घालता मेणाच्या वजनाच्या हिशेबाने घालावा. पुस्तिकेत वजनकाट्याचा उल्लेखच नाही, ही मला संचातील सर्वांत गंभीर चूक वाटते, वातीच्या खालोखाल.

मध्ये एक प्रसंग घडला तो सांगते. लहान बरणीतल्या मेणबत्तीचा धूर पाहून मी टेबलाशी डोके धरून बसले असताना सासूबाई देवघरातून आल्या, क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, तिला काजळी धरली आहे. समईची झाडतेस ना रोज? मग हिची कोण झाडणार?” वात कापा, या सूचनेमागचा अर्थ मला तेव्हा नीट उमगला. आपण ती पहिल्यांदा पेटवण्यापूर्वी एकदा कापतो आणि विसरतो. प्रत्यक्षात दर वेळी, मेणबत्ती विझवून मेण थिजल्यानंतर आणि पुन्हा पेटवण्याआधी, वातीचा जळका भाग काढून ती पाच-सहा मिलिमीटरवर आणायची असते. कात्री बरणीत खोल जात नाही, त्यामुळे मी नखे कापायचे जुने नेलकटर वापरते, त्याने तुकडा मेणात न पडता त्यातच अडकून राहतो. मेणात पडलेले असे तुकडे किंवा काडेपेटीच्या काड्यांची टोके काढून टाकावीत, नाहीतर तीच दुसरी वात होऊन पेटतात.

सासूबाईंच्या बोलण्यावरून सुचले म्हणून उरलेल्या मेणात समईची पिळाची वात घालूनही पाहिली. निष्कर्ष वाईट निघाला आणि त्याचे कारण उद्बोधक आहे. पिळाची वात ताठ उभी राहते, तिचे टोक ज्योतीच्या आतच राहते आणि तेथे हवा पोहोचत नसल्याने ते जळून जात नाही, साचत राहते. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मेणबत्त्यांच्या वाती अशाच पिळाच्या असत आणि त्यांची काजळी वारंवार कातरण्यासाठी खास कात्र्या ठेवाव्या लागत. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये काम्बासेरेस याने वेणीसारखी विणलेली वात आणली. ती जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या, हवा मिळणाऱ्या भागात येते आणि जळून राख होते. संचातील वातीही वेणीच्याच आहेत आणि त्यांची वीण चांगली घट्ट आहे. म्हणजे दर्जात खोट नाही, निवडीत आहे.

कंपनीला ईमेलने सर्व तपशील कळवला, छायाचित्रे जोडली, बरण्यांची मापे लिहिली. तीन दिवसांनी उत्तर आले की आपल्या असुविधेबद्दल खेद आहे, मेणबत्ती वाऱ्यापासून दूर ठेवावी आणि सद्भावना म्हणून आम्ही आपणास वीस वाती विनामूल्य पाठवत आहोत. वाती आल्या. त्याच जाडीच्या.

शेवटी पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी गाठली. मेणबत्तीचे सामान ठेवणाऱ्या एका दुकानात वाती मागितल्या, तर दुकानदारांनी हातातले बिलबुक बाजूला ठेवून विचारले, “ताई, मेण कोणतं आणि बरणी आतून केवढी, ते आधी सांगा.” १,४५० रुपयांच्या संचाने जो प्रश्न विचारला नाही, तो चाळीस रुपयांच्या खरेदीला विचारला गेला. त्यांनी पुढे असेही सांगितले की पॅराफिनसाठी, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या नेहमीच्या मेणासाठी, चालणारी वात सोय वॅक्सला बहुधा एक-दोन मापे वाढवून घ्यावी लागते, कारण सोयचे वितळलेले मेण दाट असते आणि ते वर खेचायला वातीला जास्त जोर लागतो. मी तीन जाड्यांच्या वाती आणि एक किलो सोय वॅक्स घेऊन आले आणि दिवसाला एक याप्रमाणे चाचण्या सुरू केल्या.

चाचणीची पद्धत अशी ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मेण तेच, सुगंध सहा टक्के, रंग नाही, बदलायची फक्त वात. मेणबत्ती स्टीलच्या ताटात ओट्यावर ठेवायची, पंखा बंद, आणि दर अर्ध्या तासाने तळ्याची रुंदी मोजायची. सलग चार तासांहून अधिक जाळायची नाही. साधारण आडाखा असा आहे की बरणीच्या दर इंच रुंदीमागे एक तास, या हिशेबाने तळे काठाला पोहोचावे आणि त्याची खोली एक सेंटीमीटरच्या आसपास राहावी. लहान बरणीत सर्वांत बारीक वात घातल्यावर एक तास पन्नास मिनिटांत तळे काठाला लागले, खोली आठ मिलिमीटर होती आणि काच हाताला सोसेल इतपतच गरम झाली. मोठ्या बरणीत सर्वांत जाड वातीने तीन तास दहा मिनिटे घेतली. त्याआधी मोठ्या बरणीत संचातल्याच दोन वाती तीन सेंटीमीटर अंतरावर लावून पाहिल्या होत्या. दोन्ही ज्योती एकमेकींकडे झुकल्या, दीड तासात तळे काठाला गेले आणि तिसऱ्या तासाला ते दोन सेंटीमीटर खोल झाले, म्हणजे उपाशी मेणबत्तीला एकदम जेवणावळ घातल्यासारखे झाले. दोन बारीक वातींचा प्रयोग बरा ठरला, पण दोन वाती कापत बसण्यापेक्षा एक जाड वात मला सोयीची वाटते.

पहिल्यांदा पेटवताना घाई करू नये, हेही याच चाचण्यांत दिसले. योग्य वात असलेली मोठी मेणबत्ती मी एकदा मुद्दाम तासाभरात विझवली. पुढच्या वेळी तळे आधीच्याच कडेशी बराच वेळ अडून राहिले, कारण मधले मेण एकदा वितळून खाली बसले की कडेची भिंत ज्योतीपासून आणखी दूर जाते. पहिल्याच बैठकीत काठापर्यंत वितळू दिले तर हा प्रकार टळतो. आरतीपुरती पाच मिनिटे लावून लगेच विझवायची असेल तर बरणीतली मेणबत्ती त्या कामाची नाही, त्याला निरांजनच बरे.

आधीच बोगदा पडलेल्या मेणबत्तीचे काय करायचे, याचा उपाय पुस्तिकेत नाही, म्हणून येथे देते. वात पेटवून बरणीच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी बसवायची आणि मध्यभागी रुपयाच्या नाण्याहून जरा मोठे भोक ठेवायचे. उष्णता आत कोंडते आणि पंधरा-वीस मिनिटांत कडेचे मेण खाली उतरते. या काळात जागेवरून हलायचे नाही आणि फॉइल काढताना चिमटा वापरायचा. वात बुडाली असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने वरचा थर वितळवून थोडे मेण चमच्याने काढून टाकायचे, म्हणजे वातीचे टोक मोकळे होते. माझ्या मोठ्या बरणीचा बोगदा फॉइलने भरला आणि दोन दिवस मेणबत्ती छान जळली, तिसऱ्या दिवशी पुन्हा खळगा पडू लागला. वात बारीक ती बारीकच. फॉइल ही तापावर घेतलेली गोळी आहे, हे लक्षात ठेवून ती वापरावी.

रंगाच्या कांड्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : त्या वापरू नयेत. मधल्या दोन बरण्यांपैकी एक बिनरंगी होती, ती उत्तम जळली, तर लाल कांडी घातलेली दुसरी त्याच वातीवर दुसऱ्या तासाला मंदावली. भांडे धुताना तळाशी लाल गाळ दिसला तेव्हा कारण कळले. या कांड्या मुलांच्या मेणखडूंसारख्या आहेत, त्यांतला रंग मेणात विरघळत नाही, त्याचे सूक्ष्म कण तरंगत राहतात आणि मेणाबरोबर वर चढून वातीच्या धाग्यांत अडकतात. मेणबत्तीसाठी तेलात विरघळणारा रंग हवा. तो आहे की नाही हे ओळखायला वितळलेल्या मेणात थोडासा घालून अर्धा तास न हलवता उकळत्या पाण्यात ठेवावा, तळाशी गाळ बसला तर तो रंग मेणबत्तीला नको.

थर्मामीटर पुण्यात उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतो, त्यामुळे येथे पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळते. थर्मामीटरने ९४ दाखवले. चार अंशांची ही चूक ओतण्याच्या तापमानात फारशी जाणवत नाही, पण सूचना अंशांत द्यायच्या आणि यंत्र असे द्यायचे, हे बरे नाही.

वातीच्या बुडाला लावायच्या दुतर्फी चिकटपट्ट्या कामातून गेलेल्या आहेत. गरम मेण पडताच त्यांतील दोन सुटल्या, एका बरणीत वात तिरपी होऊन काचेकडे सरकली आणि त्या बाजूची काच काळी झाली. बूड चिकटवण्यासाठी वितळलेल्या मेणाचाच थेंब वापरला तरी पुरेशी पकड येते, फक्त मेण थिजेपर्यंत वात वरच्या पट्टीत घट्ट धरलेली हवी. बुडाच्या धातूच्या टिकलीला वातीभोवती जी नळी असते, ती या संचात जेमतेम तीन मिलिमीटर उंच आहे. ही नळी उंच असेल तर मेण तळाशी थोडे उरले असतानाच वातीला पुरवठा थांबतो आणि ज्योत काचेच्या बुडाला भिडण्यापूर्वी विझते. आखूड नळीमुळे ज्योत अगदी तळापर्यंत जाते आणि बूड तापून काच तडकण्याचा धोका असतो. म्हणून मी बरणीत एक सेंटीमीटर मेण उरले की मेणबत्ती निवृत्त करते आणि उरलेले मेण पुढच्या घाण्यात घालते.

एका मेणबत्तीत ज्योत अधूनमधून तडतडत होती, अगदी फोडणीतल्या मोहरीसारखी. तो दोष पूर्णपणे माझा होता : पातेल्यावरच्या वाफेचे पाणी झाकणावरून मेणात ठिबकले होते. भांड्यावर झाकण ठेवायचे असेल तर ते पुसून ठेवावे.

पुस्तिकेवरचा एक आक्षेप मात्र चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. मेण थेट गॅसवर ठेवू नये, असे तिच्यात कोठेही ठळकपणे म्हटलेले नाही, फक्त चित्रात पाण्याचे पातेले दिसते. मेण अति तापले तर तेलासारखेच पेट घेते आणि त्यावर पाणी टाकले तर आग भडकून पेटते मेण सर्वत्र उडते. अशा वेळी गॅस बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवायचे असते. मुलांना सुट्टीत करायला हा संच द्यावा, असे खोक्यावर छापलेले आहे, त्या खोक्यावर निदान ही दोन वाक्ये हवी होती.

चांगल्या गोष्टीही सांगायला हव्यात. भांड्याची चोच उत्तम आहे, धार तुटते आणि थेंब बाहेर ओघळत नाही. बरण्यांची काच जाड आहे, तिच्यात बुडबुडे नाहीत आणि एवढ्या चाचण्यांत एकही तडकली नाही. मेण स्वच्छ होते. त्यावर थंड झाल्यावर काही ठिकाणी पांढरट बुरशीसारखी नक्षी उमटते, पण तो सोय वॅक्सचा स्वभाव आहे आणि जळण्यावर त्याचा परिणाम होत नाही, तेव्हा त्यासाठी तारे कापू नयेत. सुगंधांपैकी चंदन आणि गवती चहा चांगले आहेत, व्हॅनिला शाळेतल्या खोडरबराची आठवण करून देतो. पुस्तिका २४ तासांनी मेणबत्ती पेटवा म्हणते, पण दोन आठवडे झाकून ठेवलेल्या मेणबत्तीचा वास एका दिवसाच्या मेणबत्तीपेक्षा खोलीभर अधिक पसरला, म्हणून दिवाळीसाठी करायच्या असतील तर दसऱ्यालाच ओतून ठेवाव्यात.

हा संच घ्यायचाच असेल तर बरण्यांची आतली रुंदी मोजून लहान आणि मोठ्या बरणीसाठी वेगळ्या वाती आणण्याची तयारी ठेवूनच घ्यावा. वजनकाटा घरात नसेल तर घेऊ नये. सहा मधल्या बरण्या देणारा असाच संच कंपनीने काढला तर मी तो दुसऱ्यांदा घेईन आणि चार तारे देईन.

दिवाळीला एकूण नऊ मेणबत्त्या गेल्या. प्रत्येकीच्या झाकणाखाली मी एक चिठ्ठी घातली : पहिल्यांदा किमान किती तास जाळायची, ते बरणीनुसार, दर वेळी वात कापायची, पंख्याखाली ठेवायची नाही, तळाशी बोटभर मेण उरले की बरणी परत पाठवायची. आतापर्यंत चार बरण्या परत आल्या आहेत, एकीच्या काचेला काजळी आहे, आणि ती माझ्या धाकट्या जावेकडची आहे, जिच्या घरी पंखा डिसेंबरमध्येही बंद होत नाही. संचातल्या आणि सद्भावनेने आलेल्या मिळून सव्वीस वाती अजून उरल्या आहेत. त्या एका पाकिटात घालून त्यावर ‘फक्त साडेसहा सेंटीमीटर’ असे लिहून ठेवले आहे.